कठड्याला बांधलेला मफलर

माझी धाकटी बहीण बुर्गी जानेवारीत व्हिएन्नाला येणार म्हणाली, तेव्हाच मी माझ्या गुडघ्यांची मनोमन माफी मागितली.

आम्ही दोघी इथल्याच. पण ती लग्न होऊन तिरोलच्या डोंगरात गेली ती पक्की डोंगरी झाली. तिथे तिचं मोठं गेस्टहाऊस आहे, बर्फावर घसरायला येणाऱ्या लोकांसाठी. जानेवारीच्या सुरुवातीचा तीन राजांचा सण उरकला की पाहुण्यांची गर्दी ओसरते, आणि तेवढ्या दिवसांत सुनेवर कारभार टाकून ती कुठेतरी उंडारून येते. यंदा माझी पाळी लागली. वर्षभर दुसऱ्यांना ‘इथे हे बघा, तिथे ते खा’ सांगणारी बाई स्वतः पाहुणी झाली की काय करते, ते भोगल्याशिवाय कळायचं नाही.

पहिल्या दिवशी तिने मला राजवाड्याच्या एकूण एक दालनातून फिरवलं. दुसऱ्या दिवशी नगरभवनासमोरच्या बर्फाच्या मैदानावर ती पायांत स्केट्स चढवून दोन तास गिरक्या घेत होती, आणि मी कठड्याला टेकून, पंच नावाच्या गरम दारूचा पेला हातात धरून तिची पर्स सांभाळत होते. मग म्हणाली, केक. जर्दाळूचा मुरंबा भरलेला तो चॉकलेट केक परदेशी लोकांनी खायचा असतो, थंडीत रांगेत उभं राहून खायचा असतो आणि घरी जाऊन ‘छान होता’ म्हणायचं असतं, हे मी तिला परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. रांगेत उभ्या राहिलोच.

“ओटी, तुला या गावात आवडतं तरी काय?” नाक पुसत बुर्गीने विचारलं.

“ऑपेरा.”

“मग तो दाखव.”

“तुला झोप येईल.”

“तू उभ्याने बघतेस ना? मग कशी येईल झोप? घोडी आहे का मी?”

अशी ती रविवारी माझ्याबरोबर ऑपेराच्या उभ्याच्या जागेत, म्हणजे स्वस्तात उभं राहून बघायच्या भागात आली. त्या दिवशी पाच तासांचा जर्मन ऑपेरा होता, त्यामुळे सुरुवात संध्याकाळी पाचलाच. बाहेर उणे नऊ, आणि सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं.

उभ्याच्या जागेचा एक नियम आहे. तिकिटावर नंबर नसतो. दारं उघडली की ज्याने त्याने आपापल्या वयाला झेपेल तितकं धावायचं, कठडा गाठायचा आणि गळ्यातला मफलर सोडून त्याला बांधायचा. बांधला की जागा तुमची. मग खुशाल बाहेर जा, खाऊन पिऊन या. या शहरात लोक शेजाऱ्याचं वर्तमानपत्र उचलतील, वेळ पडली तर नवराही पळवतील, पण बांधलेला मफलर कुणी सोडणार नाही. मी आयुष्यभर लॅटिन शिकवलं. मुलांना शिस्त लागेल असं त्या भाषेत जेवढं नाही, तेवढं त्या एका कठड्यावर आहे, असं माझं मत होतं.

माझ्या डाव्या हाताला वीसेक वर्षं हेर क्रात्की उभे राहतात. हेर म्हणजे आमच्याकडे श्रीयुत. निवृत्त इंजिनियर. पूल बांधायचे. ते मला प्रोफेसरबाई म्हणतात, आमच्याकडे शाळेतल्या बाईंनाही तसंच म्हणतात; मी त्यांना इंजिनियरसाहेब म्हणते. त्यांचं पहिलं नाव मला ठाऊक नव्हतं, घर कुठे ते ठाऊक नव्हतं, घरी बायको आहे की नाही तेही नाही. आमच्याकडे याला तुसडेपणा म्हणत नाहीत, रीत म्हणतात. मध्यंतरात ते गायिकेबद्दल एक वाक्य बोलायचे, मी त्याच्या अगदी उलट एक वाक्य बोलायचे, आणि दोघांचाही आठवडा बरा जायचा. आता सांगूनच टाकते: त्या एका वाक्यासाठीच मी जात होते. गाणं काय, घरी रेडिओवरही ऐकू येतं.

आम्ही पोचलो तेव्हा ते आधीच आले होते आणि आपला लांबलचक, लाल दारूच्या रंगाचा मफलर कठड्याला बांधत होते. त्यांची गाठ दुहेरी असते. पूल बांधणारा माणूस.

“इंजिनियरसाहेब, ही माझी बहीण. डोंगरातून आलीय.”

“आपल्या हाताचं चुंबन, बाईसाहेब,” ते कमरेत वाकून म्हणाले. हे आमच्याकडे नुसतं म्हणायचं असतं. बुर्गीने मात्र हातमोजा काढून हात पुढे केला. त्यांचा नाइलाज झाला. कान लाल झाले बिचाऱ्यांचे.

“मी चार घास खाऊन येतो,” कोटाची बटणं लावत ते मला म्हणाले. “पहिल्या सुराच्या आधी हजर.” आणि गेले. नेहमी जायचे तसेच.

मी बुर्गीला छतावरची चित्रं दाखवली, झुंबर दाखवलं. ती मात्र लोकांकडे बघत होती. पाच वाजायला थोडा वेळ उरला तेव्हा तिने मला कोपराने ढोसलं.

“तुझे ते हातचुंबे आले नाहीत गं.”

“येतील.”

“आता सुरू होईल ना?”

“ते कधी उशीर करत नाहीत, बुर्गी.”

“तेच म्हणतेय मी.”

तेवढ्यात मागून एक तरुण जोडपं पुढे सरकलं. मुलाने अदबीने विचारलं, ही जागा रिकामी आहे का? मी त्याला शाळेतल्या आवाजात सांगितलं, “घेतलेली आहे. दिसत नाही?” त्याने मफलर पाहिला, माफी मागितली आणि मागे गेला. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला! दिवे मंदावले, वादक सज्ज झाले, आणि माझ्या डाव्या हाताला माणसाएवढी मोकळी जागा तशीच राहिली. मागे लोक खांद्याला खांदा लावून उभे होते, पण त्या जागेत कुणी पाऊलही ठेवलं नाही.

पहिला अंक सव्वा तासाचा. बुर्गीने त्यातलं काही पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ती वाकून वाकून त्या मफलरकडेच बघत होती. एकदा म्हणाली, “लोकरीचा आहे.” मागच्या बाईने ‘शूः’ केलं. थोड्या वेळाने म्हणाली, “घरी विणलेला.” पुन्हा ‘शूः’. मी तिच्या पायावर पाय दिला.

मध्यंतर झालं, टाळ्या संपल्या. मीही आता थोडी अस्वस्थ होते, नाही म्हणत नाही. पण अस्वस्थ झाल्यावर व्हिएन्नाचा माणूस कारणं शोधतो, आणि ती आम्हाला पटकन सापडतात.

“कुणी ओळखीचं भेटलं असेल,” मी म्हटलं. “नाहीतर बरं वाटत नसेल, घरी गेले असतील.”

“मफलर इथे ठेवून? उणे नऊमध्ये?”

“अगं, तो जागेसाठी आहे.”

“तो गळ्यासाठी आहे, ओटी.”

“तुला इथलं कळत नाही.”

“इथलं नसेल कळत. थंडी कळते.” तिने आवाज खाली आणला, आणि बुर्गीचा आवाज खाली आला की घाबरायचं असतं. “माझ्याकडे संध्याकाळी खुंटीवर टोपी आहे आणि टोपीचा मालक जेवायला नाही, असं दिसलं तर मी सूप वाढत बसत नाही. माणसं घेऊन बाहेर पडते. दोनदा जिवंत सापडले, एकदा नाही. मफलर इथे आहे, तर गळा कुठे आहे?”

आणि तिने ती दुहेरी गाठ सोडली.

आजूबाजूच्या सगळ्या माना वळल्या. मागची ती ‘शूः’ बाई तोंडावर हात धरून उभी राहिली. माझी तर मान खाली गेली. चाळीस वर्षांत मी असं कृत्य पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातून व्हावं! मी तिचं मनगट धरलं. मग मला तो मोकळा कठडा दिसला. पितळेचा नुसता दांडा. वीस वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. सव्वा तास मी डोळ्यांत तेल घालून राखण केली होती ती लोकरीच्या एका पट्टीची. माणसाची नाही.

“चल,” मी म्हटलं.

कोट सांभाळणाऱ्या बाईंच्या खिडकीवर जाऊन विचारलं. “इंजिनियरसाहेबांचा राखाडी कोट? आज आलाच नाही,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, आज त्यांनी चुकवलं.” म्हणजे माणूस बाहेर गेला तो आत आलाच नव्हता.

आम्ही आमचे कोट घेऊन बाहेर पडलो. मध्यंतर संपल्याची घंटा वाजली तेव्हा मी रस्त्यावर होते. अर्धा ऑपेरा टाकून मी कधीही उठले नव्हते, माझ्या आईच्या आजारपणातसुद्धा नाही.

“राहतात कुठे?” बुर्गीने विचारलं.

“माहीत नाही.”

“फोन नंबर?”

“माहीत नाही.”

“पहिलं नाव तरी?”

मी कोटाचं बटण लावायला लागले.

“वीस वर्षं!” बुर्गी ओरडली. “माझ्या शेजाऱ्याच्या गायींचीसुद्धा नावं मला पाठ आहेत, ओटी!”

“ओरडू नकोस. विचार करू दे.”

“बरं, काय माहीत आहे ते सांग. काहीतरी असेलच ना? जेवून परत येतात तेव्हा कसे असतात?”

कसे असतात? मी डोळे मिटले. डाव्या बाजूने कच्च्या कांद्याचा वास येतो. म्हणजे चरबी लावलेला पाव आणि वर कांदा, आणि तो घरून आणलेला, कारण हॉटेलात इतका कांदा कुणी घालत नाही. कपड्यांना धुराचा वास असतो, पण सिगारेटचा नाही. गोडसर. चेस्टनट भाजल्याचा. आणि बुटांना बारीक खडी चिकटलेली असते. पहिल्या अंकात ती संगमरवरावर कुरकुरते आणि मी दर वेळी मनात चिडते. रस्त्यावर तर अशी खडी नसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. त्या माणसाचं पहिलं नाव मला ठाऊक नव्हतं, पण तो कुठे बसून जेवतो हे गेली वीस वर्षं माझ्या नाकाला ठाऊक होतं.

“बाग!” मी म्हटलं. “ऑपेरामागची बाग. तिच्या फाटकाशी चेस्टनटची शेगडी असते.”

मी धावले. या वयात, या गुडघ्यांनी, बर्फावरून. खोटं कशाला बोलू, मला भयंकर भीती वाटत होती. ती बाग हिवाळ्यात अंधार पडला की बंद होते. आतले दिवे मालवतात. मी पळता पळता मनात एकच गोष्ट म्हणत होते, की त्यांचं नाव तरी विचारायला हवं होतं.

फाटकाला कुलूप होतं. चेस्टनटवाला शेगडीतले निखारे झाकत होता. त्याला इंजिनियरसाहेबांचं वर्णन सांगितलं.

“हिरव्या टोपीवाले आजोबा?” तो म्हणाला. “आत गेले होते की. रोजच्यासारखे डबा घेऊन. बाहेर पडताना नाही दिसले. मला वाटलं, पलीकडच्या दारानं गेले असतील.”

“या गावात सगळ्यांना नुसतं वाटतंच!” बुर्गी कडाडली.

मी फाटकाचे गज धरून हाक मारली, “इंजिनियरसाहेब!” व्हिएन्नात अशी हाक मारली की ओळखपाळख नसलेले चार इंजिनियर वळून बघतात. रस्त्यावरचे दोघे वळलेच. बागेतून मात्र काही नाही. माझा आवाज वर्गाच्या चार भिंतींपुरता. बुर्गीने मला बाजूला केलं, हातमोजे काढले, तोंडाभोवती तळवे धरले आणि या डोंगरावरून त्या डोंगरावर मारतात तशी हाक मारली. झाडावरचे कावळे उठले. शेगडीवाल्याने कान झाकले.

मग काहीच ऐकू आलं नाही. बर्फ पडत होतं. मी मनात म्हटलं, संपलं.

आणि अंधारातून, खूप खालून, घसा बसलेला एक आवाज आला.

“प्रोफेसरबाई? दुसरा अंक सुरू झाला का?”

माझा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे काय, मी फाटकाला धरून खालीच बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडायला. बुर्गीने मला एक चापट मारली. “उत्तर दे त्यांना!”

“आत्ताच झाला!” मी ओरडले. “पहिल्यात काही गमावलं नाहीत! टेनर नेहमीसारखा नाकात गायला!”

मग आवाज आला, “टेनर चांगला आहे. तुमचे कान वाईट आहेत.”

ते उलटं वाक्य ऐकलं आणि मला कळलं की हा माणूस आज मरत नाही.

ते बाकावरून उठताना घसरले होते. घोट्यातून पाय दुमडला, उठता येईना. आधी हाका मारल्या, पण बर्फात हाका विरून जातात आणि रस्त्यावर गाड्यांचा आवाज. पहारेकऱ्याने कुलूप लावलं तेव्हा ते झुडपाआड बाकाला पाठ टेकून बसले होते आणि घसा पार गेला होता. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी शेगडीवाल्याने फोन करून अग्निशमनवाल्यांना बोलावलं. बुर्गीला मात्र धीर कुठला. तिने शेगडीवाल्याचं खोकं ओढलं, मफलर स्वतःच्या गळ्यात अडकवला, उरलेल्या गरम चेस्टनटच्या पिशव्या कोटात कोंबल्या आणि त्या लोखंडी कुंपणावर चढली. तिचा घागरा वरच्या टोकाला अडकून फाटला तो टरटर आवाज रस्त्यापलीकडे गेला असेल. साठी ओलांडलेली बाई! राजवाडा बघून झाला, केक खाऊन झाला, आता हे.

फाटक उघडल्यावर मी आत गेले. हेर क्रात्की बुर्गीच्या कोटात गुंडाळलेले, खिशांत गरम चेस्टनट, गळ्यात तो मफलर तीन वेढे घालून. दातावर दात आपटत होते. बुर्गी नुसत्या स्वेटरवर त्यांचे हात चोळत होती आणि त्यांना रागावत होती. ते अगदी खूश दिसत होते.

रुग्णवाहिकेतल्या मुलीने मला विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?”

काय सांगणार? “मी यांच्या शेजारी उभी असते,” मी म्हटलं. तिने तसंच कागदावर लिहून घेतलं.

स्ट्रेचरवरून त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. “माझी जागा?” ते कुजबुजले.

“सोडली.”

त्यांचा चेहरा पडला. “तुम्ही?”

“छे! हिने.”

“असं होय,” त्यांनी सुस्कारा सोडला. “मग हरकत नाही. बाईसाहेब बाहेरगावच्या आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुर्गीला गाडीत बसवलं. ती फाटका घागरा पिशवीत घेऊन गेली, सुनेला दाखवायला. “व्हिएन्नात काय काय बघितलंस विचारतील ना,” ती खिडकीतून म्हणाली, “आता सांगायला काहीतरी आहे.” मग एकदम खाली वाकली आणि म्हणाली, “ओटी, नाव विचार हं त्यांचं.” गाडी सुटली. मला तिची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

दुपारी मी इस्पितळात गेले. चार खाटांची खोली. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचं सगळं गणगोत जमलं होतं, दोन म्हाताऱ्या आणि एक अवघडलेली सून, आणि बसायला जागा नाही म्हणून निम्मी माणसं भिंतीला टेकून उभी होती. हेर क्रात्कींचा पाय प्लॅस्टरमध्ये, वर टांगलेला. खाटेच्या पाटीवर त्यांचं नाव होतं. एलिगियुस क्रात्की.

“एलिगियुस?” मी म्हटलं. इतकं जुनाट नाव मी माझ्या वर्गातल्या कुठल्याच मुलाचं ऐकलं नव्हतं.

“आता कळलं ना, का सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले.

आणि त्यांच्या खाटेशेजारी एक खुर्ची रिकामी होती. इतक्या गर्दीत रिकामी. तिच्या पाठीला दारूच्या रंगाचा मफलर दुहेरी गाठ मारून बांधलेला होता.

“भेटीची वेळ सुरू व्हायच्या आधीच बांधून ठेवला,” ते म्हणाले. “त्या पलीकडच्या बाई दोनदा आल्या. मी सांगितलं, घेतलेली आहे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. इस्पितळाचा तो पातळ अंगरखा, गळा उघडा, आणि डोक्यामागे खिडकी. मी ती गाठ सोडली. दुसऱ्याचा बांधलेला मफलर मी जन्मात पहिल्यांदा सोडत होते, आणि इंजिनियरची गाठ, सुटता सुटेना. मफलर त्यांच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला, टोकं आत खोचली. त्यांचे कान पुन्हा लाल झाले. मग त्या अवघडलेल्या मुलीला मी माझी खुर्ची दिली आणि त्यांना म्हटलं, “जरा सरका.”

ते सरकले. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या शेजारी बसले.